दारं भक्कम, घंटा मुकी

आज ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे तो पन्नास वर्षांहून जुना आहे. 'द अँड्रोमेडा स्ट्रेन', दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ, साल १९७१. मायकेल क्रायटनच्या १९६९च्या कादंबरीवरून केलेला. मला तो आवडतो, आणि तरी त्याच्याशी माझं भांडण आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्याजवळ उपग्रह पडतो आणि सगळं खेडं मरून पडतं. वाचतात फक्त एक दारुडा म्हातारा आणि एक रडणारं तान्हं मूल. शास्त्रज्ञांचं पथक उपग्रहाला आणि या दोघांना नेवाडातल्या 'वाइल्डफायर' या गुप्त प्रयोगशाळेत नेतं. जमिनीवर शेतकी संशोधन केंद्राचा देखावा, खाली पाच मजले. एकेक मजला उतरताना शुद्धीकरण वाढत जातं. एके ठिकाणी तर प्रकाशाच्या झोतानं कातडीचा वरचा थर जाळून टाकतात. आणि जंतू सुटलाच तर सगळी इमारत उडवायला अणुबाँब. तो थांबवायची किल्ली एकाच माणसाकडे.

हा उतरण्याचा भाग वाइझ अजिबात घाई न करता दाखवतो. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तर तो फारच ओळखीचा वाटतो. (हशा) तांत्रिकदृष्ट्याही कल्पना चुकीची नाही. खऱ्या सर्वोच्च पातळीच्या, म्हणजे बीएसएल-४ प्रयोगशाळेतही एकावर एक कवचंच असतात. आपल्याकडे पुण्यात, राष्ट्रीय विषाणू संस्थेत अशी एक आहे. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट राहिलीच तर हवा आत ओढली जाते. बाहेर जाणारी हवा फिल्टरमधून जाते, सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय सोडत नाहीत.

पण मला यातले दोन छोटे प्रसंग महत्त्वाचे वाटतात. पहिला टेलिप्रिंटरचा. खेड्यावर बाँब टाकायचा निर्णय पुढे ढकलला गेलाय, हे पथकाला कळतच नाही. निरोप येऊन पडलेला असतो. घंटा वाजलेली नसते, कारण घंटा आणि तिचा टोला यांच्यामध्ये कागदाची एक चिंधी अडकलेली असते. पाच मजले, अणुबाँब, आणि कागदाची चिंधी!

दुसरा प्रसंग डॉ. लेव्हिटचा. ही बाई तासन्‌तास पडद्यावर निकाल बघत बसली आहे. जंतू कशावर वाढतो, कशावर वाढत नाही. नेमका महत्त्वाचा निकाल येतो तेव्हा लाल दिवा लुकलुकायला लागतो, आणि ती बसल्या जागी हरवते. तिला अपस्मार आहे. तो तिनं लपवलाय. का? सहकाऱ्याचा अंदाज असा, की कळलं असतं तर कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेनं तिला घेतलं नसतं.

आता खरी उदाहरणं बघा. एप्रिल १९७९, सोव्हिएत संघातलं स्वेर्दलोव्स्क. लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले, साठाहून जास्त माणसं गेली. सरकार कित्येक वर्षं दूषित मांसाला दोष देत राहिलं. त्या कार्यक्रमात पुढे मोठ्या पदावर गेलेल्या केन अलिबेकनं नंतर लिहिलं, की तुंबलेला फिल्टर काढला होता, पण त्याची नोंद वहीत झाली नाही, आणि पुढच्या पाळीनं यंत्र सुरू केलं. अलिबेक त्या दिवशी तिथे नव्हता, हेही सांगायला हवं. पण ही आपली कागदाची चिंधीच की नाही?

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या पिरब्राइटचं, आणि त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. ऑगस्ट २००७. सरे परगण्यातल्या एका शेतावर गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. २००१च्या साथीत तिथे लाखो जनावरं मारावी लागली होती, त्यामुळे देश हादरला. विषाणू तपासला तर तो १९६७च्या साथीतला निघाला, म्हणजे फक्त प्रयोगशाळांत जपलेला. आणि असा विषाणू हाताळणारं आवार चार-पाच किलोमीटरवर! तिथे एक सरकारी निधीवरची संशोधन संस्था आणि एक खाजगी लस कारखाना शेजारी-शेजारी. कारखान्याच्या सांडपाण्यावर आधी आम्लाची प्रक्रिया व्हायची, मग ते जमिनीखालच्या नळानं शेवटच्या प्रक्रियेला जायचं. हा नळ जुना, भेगा पडलेला, झाडांच्या मुळ्या शिरलेला. जुलैत अतोनात पाऊस झाला. त्याच वेळी आवारात बांधकाम चालू होतं. चौकशीचा निष्कर्ष असा, की बहुधा नळातून विषाणू मातीत आला आणि गाड्यांच्या चाकांना लागून बाहेर गेला.

नळ वाईट आहे हे ठाऊक होतं. बदलायचा खर्च कुणी करायचा, यावर चर्चा चालू होती.

चित्रपटाशी माझं भांडण इथे आहे. चिंधी आणि लेव्हिट हे कादंबरीतले दोन प्रसंग वाइझनं ठेवले, ही मोठी गोष्ट. पण तो त्यांना सोडून देतो. शेवटी रबरी सील विरघळतात, बाँबची उलटी गिनती सुरू होते आणि किल्लीवाला डॉ. हॉल लेसर किरणं चुकवत मधल्या विहिरीतून वर चढतो. थरार आहेच, मीही खुर्चीच्या टोकाला येतो. आणि जंतू? तो रूप बदलून आपला आपण निरुपद्रवी होतो.

म्हणजे जिथे दोष सापडला होता, तिथून कॅमेरा उठला आणि शिडीवर गेला. लेव्हिटनं पहिल्याच दिवशी 'लुकलुकणारा दिवा मला चालत नाही' असं सांगितलं असतं, तर वाइल्डफायरनं दिवा बदलला असता की लेव्हिटला? मला वाटतं, लेव्हिटला. आणि ते तिला माहीत होतं.