रोलरवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी

फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींची लबाडी उजेडात आली ती अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मापनांमुळे. विद्यार्थ्यांपुढे ही हकिगत बहुधा एकाच थाटात मांडली जाते : लहान विद्यापीठ, तुटपुंजे पैसे, जिद्दी तरुण आणि बलाढ्य कंपनी. यात खोटे काही नाही. अनुदान एक लाख डॉलरहूनही कमी होते, आणि गटात हेमंत कप्पन्ना व अरविंद तिरुवेंगडम हे भारतातून तिकडे शिकायला गेलेले दोघे होते. पण या सांगण्यात धोरणाचा भाग गळून पडतो, अशी आमची तक्रार आहे.

२०१३ साली या गटाने वायू-विश्लेषक आणि जनित्र गाडीवरच चढवले, ते धुराच्या नळीला जोडले आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर मापने घेतली. जेट्टातून नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाली, पॅसाटमधून ५ ते २० पट. याच दोन गाड्या प्रयोगशाळेतील रोलरवर मात्र नियमात बसत होत्या. दुसऱ्या कंपनीची तिसरी गाडी रस्त्यावरही बहुतेक वेळ मर्यादेत राहिली, त्यामुळे दोष उपकरणाला देता येईना.

आता, गाडीवर बसणारे उपकरण वापरण्यात हे विद्यापीठ एवढे तरबेज कसे? १९९८ मध्ये अवजड डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्यांवर अमेरिकेत अशाच चलाखीचा ठपका आला होता : चाचणीत एक वागणे, महामार्गावर दुसरे. तडजोडीत दंडाबरोबरच, प्रत्यक्ष वापरातली इंजिने तपासण्याची अट पडली. त्यासाठी लागणारी फिरती मापनयंत्रणा याच विद्यापीठाने विकसित केली. करारातल्या एका कलमाने प्रयोगशाळेला विषय दिला, उपकरण दिले आणि पंधरा वर्षांचा सराव दिला. नुसत्या जिद्दीवर हे झाले नसते.

धोरणाचा लगामही दिसतो. मे २०१४ च्या अहवालात गाड्यांची नावे नाहीत. अ, ब, क एवढेच आहे. फसवणुकीचा आरोपही नाही. अशी केंद्रे बव्हंशी बाहेरच्या पैशांवर चालतात, आणि देणाऱ्यांत इंजिन-उत्पादकही असतात. तरीही आकडे दडपले गेले नाहीत, आणि सरकारी यंत्रणेने पाठपुरावा करून १८ सप्टेंबर २०१५ रोजी नोटीस काढली.

आपल्या प्रॅक्टिकलमध्ये वाचन अपेक्षेच्या ३५ पट आले तर विद्यार्थी काय करील? खोडून टाकील, आणि वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी जर्नलवरून ‘बरोबर’ आकडा उतरवील. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. टर्मवर्कचे गुण जुळणाऱ्या आकड्यांना असतात. शाळेतल्या लंबकाच्या प्रयोगातही आपण ९.८ ची वाट पाहतोच. भारतात रस्त्यावरची उत्सर्जन-चाचणी १ एप्रिल २०२३ पासून नियमात आली. अभ्यासक्रमात ती एक मुद्दा म्हणून सहज शिरेल. जर्नलमध्ये ‘न जुळलेली वाचने’ असा रकाना आखायला कुणाची परवानगी लागू नये. त्या रकान्याला गुण द्यायचे म्हटले, की मात्र लागेल.