शेवटच्या कडव्यातले बाबा

डिलन थॉमसची 'डू नॉट गो जंटल' मला 'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) भेटली. यान पृथ्वी सोडून निघालंय आणि मायकेल केन खर्जात कविता म्हणतोय. अंगावर काटाच! कित्येक वर्षं ती माझ्या लेखी माणसाच्या जिद्दीची घोषणा होती. स्टेटसलाही ठेवली होती.

मग बाबांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलं. त्यांच्या कॉटशेजारी बसून मोबाइलवर मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. मधली चार कडवी शहाण्या, भल्या, बेभान माणसांचे दाखले देतात. सहाव्यात कवी एकदम आपल्या वडिलांकडे वळतो, आणि कळतं, हा उपदेश नाहीच, मुलाची गयावया आहे. १९५१ साली कविता छापून आली तेव्हा त्याचे वडील जिवंत होते. पुढच्या वर्षी गेले.

हा विलानेल. त्यात दोन ओळी चार-चारदा परत येतात. सिनेमात ते नारे वाटले होते. आता हट्ट वाटतो. मीही तेच करत होते: "बाबा, अजून एकदाच जाऊन येऊ." सिनेमातला प्रोफेसर ब्रँड ही कविता म्हणत सगळ्यांना खोट्या आशेवर ठेवतो, याचा पूर्वी राग यायचा. पण "तुम्ही बरे व्हाल" असं मी रोजच म्हणत होते की!

थॉमसचे वडील कवितेत एक शब्दही बोलत नाहीत. त्यांना काय हवंय, हे मुलगा विचारतच नाही. कविता मला अजून आवडते, पण ही जागा बोचते.

बाबा एवढंच म्हणाले, "तो मोबाइल ठेव गं, उजेड डोळ्यांवर येतोय."