आमोसचा तराजू आणि फुल्यांचा असूड

संशोधनाचा विषय ‘अमुक ग्रंथातील गरीब’ असा असला की आपण एक चूक हमखास करतो. ‘गरीब’ हा शब्द किती वेळा आला ते मोजतो आणि ‘लेखकाला गरिबांविषयी कळवळा होता’ असं लिहून मोकळे होतो. त्यातून नवं काय कळलं? काहीच नाही.

आमोस घ्या. इ.स.पूर्व आठव्या शतकातला हा हिब्रू संदेष्टा, तकोवा गावचा मेंढपाळ. त्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचा. धान्य विकणारे व्यापारी एफा हे माप लहान करतात, चांदी तोलायचं शेकेल हे वजन जड ठेवतात. आपण सायन्सवाले याला काय म्हणू? एकदा कमी, एकदा जास्त अशी ही रँडम एरर नव्हे. ही सिस्टिमॅटिक एरर आहे, आणि दरवेळी तोटा घेणाऱ्या गरिबाचाच. आपल्या संभाजीनगरच्या मोंढ्यात काट्याकडे टक लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही.

दुसऱ्या अध्यायात चपलांच्या जोडापायी माणूस विकला जातो आणि गहाण घेतलेल्या कपड्यांवर लोक वेदीजवळ पहुडतात. म्हणजे गरिबी कशी घडवली जाते, ती रीतच आमोस सांगतो.

आता जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) शेजारी ठेवा. सावकार, कचेरी, धार्मिक विधी, शेतकऱ्याचा पैसा कुठून कुठून गळतो ते इथेही दाखवलंय. त्याआधी आठच वर्षं, १८७५ मध्ये, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते.

पण म्हणून ‘दोघांचं म्हणणं एकच’ असं लिहू नका. तुलना इथेच फसते. आमोसही सणांवर आणि यज्ञांवर तुटून पडतो, कारण न्याय नसेल तर त्याच्या देवाला ती पूजा नकोय. फुले निर्मिक मानतात, तरी पुढे जातात: पुरोहितांचे विधी हेच त्यांना लुटीचं एक साधन दिसतं. म्हणून आमोस राज्य बुडेल असा इशारा देतो, तर फुले शेतकऱ्याच्या मुलांसाठी शिक्षण मागतात.

तेव्हा नोंदी काढताना नामांपेक्षा क्रियापदं अधोरेखित करा. कोण विकतं, कोण मोजतं, कोण लिहून घेतं? एकच अध्याय असा वाचून बघा. तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.