पाककृतीतील आज्ञार्थ

जोअ‍ॅन फ्लूक यांच्या ‘शुगर कुकी मर्डर’ (२००४) या रहस्यकादंबरीच्या केंद्रस्थानी मिनेसोटातील लेक ईडन या कल्पित गावचे नाताळचे सहभोजन आहे. बेकरी चालविणारी नायिका हॅना हिचे मन दंतवैद्य नॉर्मन व पोलीस अधिकारी माइक यांच्यामध्ये दोलायमान राहते. निवेदन तृतीयपुरुषी आहे. पाककृतींत मात्र आज्ञार्थ येतो आणि टीपांतून हॅना स्वतः बोलते. लोणी-साखरेचे प्रमाण सांगताना तिच्या वाणीत आढळणारा निश्चय प्रणयप्रसंगी लोपतो. हे लांबलेले प्रेम मालिकेची सोय होय, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु तेवढ्याने या भाषाभेदाचा उलगडा होत नाही. केक-बिस्किटे भाजणे हा येथे प्रेमाचा अलंकार नसून स्त्रीच्या स्वाधीन असलेला व्यवसाय आहे. निर्णय न घेण्याचे तिचे स्वातंत्र्य त्यावरच उभे आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.