भुताला डोके कोणी दिले?

विज्ञान प्रदर्शनातला थर्मोकोलचा ज्वालामुखी आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो हुबेहूब दिसतो, पण ज्वालामुखी का फुटतो हे त्यातून कळत नाही. रूप उचलले जाते, वागणे मागेच राहते. जुन्या व्हिडिओ गेमवरून पुठ्ठ्याचा बैठा खेळ करायला घेतला की हीच चूक कशी होते, हे ‘पॅक-मॅन’च्या उदाहरणावरून तपासून पाहू.

हा खेळ जपानमधल्या नामको कंपनीने १९८० साली आणला. त्याची कल्पना तोरू इवातानी यांची. चक्रव्यूहातल्या गल्ल्यांतून एक पिवळे गोल तोंड २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या खात फिरते आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. १९८२ साली मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन कंपनीने त्याचा बैठा खेळ काढला. त्यातले प्लास्टिकचे पॅक-मॅन पटावरच्या गोट्या खरोखर गिळतात. गंमत छान आहे. पण त्यात सोंगट्या फाशांवरच्या दानाने चालतात आणि भुतेही खेळाडूच फिरवतात. म्हणजे तोंड आले, भूत आले, चक्रव्यूह आला. भुताची अक्कल मात्र आली नाही.

आमच्या नववीच्या मुलांनी केलेला पहिला पटही असाच होता. आलेखाच्या कागदावर गल्ल्या, ठिपक्यांच्या जागी चिंचोके, भुतांना बाटलीची बुचे आणि एक फासा. दोन डावांत मुले कंटाळली. एक मुलगी म्हणाली, “सर, ही तर सापशिडीच झाली!” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. सापशिडीत दान पडते, आपण काही ठरवत नाही. वाघ-बकरीत फासा नसतो, पण डोके लागते. पॅक-मॅनची जात दुसरी आहे.

मग मूळ खेळातले भूत काय करते? ते प्रत्येक चौकात पुढचे घर निवडते. आले त्या वाटेने उलट फिरायचे नाही, हा पहिला नियम. उरलेल्या वाटांपैकी जे घर ‘लक्ष्या’च्या सर्वांत जवळ, तिकडे वळायचे, हा दुसरा. अंतर मोजायचे ते सरळ रेषेत, मधल्या भिंती विचारात न घेता. दोन वाटा सारख्याच पडल्या तर वर, डावीकडे, खाली, उजवीकडे या क्रमाने पहिली मिळेल ती घ्यायची.

हे पाटीवर करून पाहा. डावीकडून आलेले भूत चौकात उभे आहे. पॅक-मॅन त्याच्यापासून ४ घरे उजवीकडे आणि ३ घरे खाली आहे. उजवीकडे गेल्यास अंतराचा वर्ग ३² + ३² = १८. खाली गेल्यास ४² + २² = २०. वर गेल्यास ४² + ४² = ३२. सर्वांत लहान १८, म्हणून भूत उजवीकडे जाते. वर्गमूळ काढायची गरजच नाही. ज्याचा वर्ग लहान, ते अंतर लहान. पायथागोरसचा सिद्धांत इथे गुणांसाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी वापरला जातो!

चारही भुतांना नियम हाच, फरक फक्त लक्ष्यात. तांबड्या भुताचे लक्ष्य पॅक-मॅनचे घर. गुलाबी भुताचे लक्ष्य त्याच्या तोंडासमोरचे चौथे घर, म्हणून ते पुढून येऊन वाट अडवते. नारिंगी भूत आठ घरांपेक्षा दूर असेल तर पाठलाग करते, जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. निळ्याचा हिशेब तांबड्याच्या जागेवरही अवलंबून असतो.

मुलांनी फासा काढून हे नियम घातले आणि खेळ पालटला. पण तो लगेच चांगला झाला असे नाही. यंत्र क्षणात करते तो हिशेब चार भुतांसाठी हाताने करताना एक डाव तासभर चालला आणि खेळणारा जांभया देऊ लागला. शेवटी तांबडे आणि गुलाबी अशी दोनच भुते ठेवली, चिंचोके चाळीसवर आणले आणि हिशेब फक्त चौकात करायचा ठरले. सरळ गल्लीत निवडण्यासारखे काही नसतेच. दोन मुले ‘यंत्र’ झाली. त्यांनी स्वतःच्या मनाने भूत हलवायचे नाही, ही अट सर्वांत अवघड गेली.

दोष अजूनही आहेत. यंत्रात सर्वजण एकाच वेळी धावतात, पटावर आळीपाळीने. त्यामुळे घाई, धडधड हा मूळ खेळाचा प्राण इथे नाही. शिवाय भुते ठरल्या नियमानेच वागतात, म्हणून एकदा जिंकलेली चाल पाठ करता येते. त्यावर उपाय म्हणून डावाच्या सुरुवातीच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. मधल्या चालीत मात्र फासा आणू नये. आणला की नियम पुसला जातो.

तरीही हा पट मला कंपनीच्या पटापेक्षा उजवा वाटतो. एका मुलाला आढळले की गुलाबी भुताच्या अंगावर सरळ चालून गेले तर ते पुढच्या चौकात बाजूला वळू शकते. का? त्याचे लक्ष्य आपल्या चार घरे पुढे, म्हणजे जवळ आल्यावर त्याच्याच पाठीमागे पडते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. नियम हातात होता, म्हणून त्याला ते शोधता आले.

आज यंत्रांच्या बुद्धीबद्दल रोज काही ना काही कानावर येते. सुरुवातीला ही मुलेही म्हणत होती, “भूत फार हुशार आहे.” चार डावांनंतर त्यांची भाषा बदलली: “भूत हुशार नाही, त्याचा नियम हुशार आहे, आणि तो कोणीतरी माणसाने लिहिलाय.” एवढे समजले तर पुठ्ठा आणि चिंचोके कारणी लागले म्हणायचे. आपल्या वर्गात हा पट मांडाल तेव्हा रंगरंगोटी शेवटी करा. आधी मुलांना विचारा: भुताने कुठे वळायचे, हे कोण ठरवणार?