चढाई, यात्रा आणि परतवारी : मराठी गिरिवाङ्मयासंबंधी काही विचार

डोंगर चढण्याच्या कृतीसाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांची नुसती यादी केली तरी एक गोष्ट ध्यानात येते. आपण शिखरावर ‘चढाई’ करतो. त्यासाठी ‘मोहीम’ काढतो, वाटेत ‘तळ’ देतो, ‘छावणी’ ठोकतो. शिखर हाती आले की ते ‘सर’ झाले असे म्हणतो आणि घरी कळवतो की मोहीम ‘फत्ते’ झाली. यांतील एकही शब्द मुळात डोंगराचा नाही. सगळे वेढ्याचे आहेत. याचा दोष भाषेला देता यावयाचा नाही. ज्या समाजाने दोन शतके डोंगराकडे पाहिले ते वर शिबंदी कोणाची आहे हे ठरविण्यासाठी, त्याच्या भाषेत डोंगर म्हणजे ‘गड’ आणि चढणे म्हणजे ‘हल्ला’ असा अर्थ मुरावा हे साहजिकच होय. प्रश्न उभा राहतो तो पुढे. ज्या डोंगरावर शत्रूच नाही, फक्त वारा, पाऊस, बर्फ आणि उंची आहे, तेथे हीच शब्दसंपत्ती घेऊन गेलेल्या लेखकाला काय दिसते आणि काय दिसेनासे होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभ सिंहगडापासूनच केला पाहिजे. १६७० च्या फेब्रुवारीतील त्या रात्रीचे वर्णन आपल्याकडे दोन प्रकारे आले आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने कड्यावर चढणारे निवडक मावळे वानरासारखे चढून गेले, एवढेच सांगितले आहे. घोरपड तेथे नाही. ती येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे हा पोवाडा सुशिक्षित वाचकापर्यंत पोहोचला आणि घोरपड कायमची लोकांच्या मनात बसली. इतिहासाच्या दृष्टीने तिचे खरेखोटेपण अभ्यासकांनी पुष्कळ तपासले आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. पोवाड्यातील ही घोरपड कडा चढता चढता माघारी फिरते, आणि तानाजी तिला ठार करण्याचा धाक घालतो तेव्हाच ती पुन्हा चढते. कड्याचे भय वाटलेले आणि परत फिरण्याचा विचार केलेले आपल्या जुन्या गिरिकथेतील हे एकच पात्र, आणि तेही मुके जनावर आहे! शाहिराला भय माहीत होते. ते वीराच्या तोंडी घालणे त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याने ते घोरपडीच्या पायांत घातले. भयाला कवितेत जागा मिळाली, परंतु तलवारीच्या धाकाखाली.

याच्या अगदी उलट टोकाला हिरकणीची कथा आहे. दरवाजे बंद झालेल्या रायगडावरून तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या या गवळणीच्या कथेला समकालीन लेखी आधार नाही. ती लोककथा म्हणूनच वाचली पाहिजे. परंतु लोककथेने काय निवडले हे पाहण्यासारखे आहे. येथे चढणे नाही, उतरणे आहे. माथा हे ध्येय नसून घर हे ध्येय आहे. डोंगराशी परिचय असलेला कोणीही सांगेल की उतरणे हेच अधिक अवघड. चढताना हात आणि डोळे बरोबर चालतात. उतरताना पाऊल अंधारात टाकावे लागते आणि थकलेले गुडघे शरीराचा सारा भार झेलतात. लोकमानसाला हे ठाऊक होते, म्हणूनच त्याने आपल्या गिरिकथेची नायिका उतरणारी केली. कथेचा शेवट मात्र विचार करावयास लावणारा आहे. राजा तिचा गौरव करतो आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधतो. बक्षीस म्हणून वाटच बुजविली जाते. गडाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण उतरण्याची जी वाट वाङ्मयाला सापडली होती, तीही त्या बुरुजाआड गेली असे म्हणावयास हरकत नाही.

गडाच्या स्मृतीपासून अलग होऊन डोंगराकडे पाहावयाचे, तर सह्याद्रीपासून थोडे दूर जावे लागते. बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी आहे. टिपूचे जन्मस्थान आणि २००८ पासून विमानतळाचे ठिकाण. तेथील पठारावरून उत्तरेकडे नंदिदुर्ग दिसतो. या मुलखाशी मराठ्यांचा संबंध लहान नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी घेतलेले बंगळूर शहाजीराजांकडे आले. बंगळूरच्या वायव्येकडील निजगल १७७० मध्ये थोरल्या माधवरावांच्या फौजेने झुंजून घेतला. १७९१ च्या ऑक्टोबरात कॉर्नवॉलिसच्या सैन्याने नंदिदुर्ग जिंकला, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच युद्धात त्याच पक्षाला होत्या. असे असूनही नंदिदुर्ग मराठी मनात गड म्हणून वसलेला नाही. त्याच्यावर आपला पोवाडा नाही, कादंबरी नाही. देवनहळ्ळीच्या बाजूला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तो दिसतो तो केवळ डोंगर म्हणून. पायथ्याशी भोगनंदीश्वर आणि माथ्यावर योगनंदीश्वर अशी तेथील लोकांनी केलेली वाटणी मात्र मार्मिक आहे. खाली भोग आणि वर योग, यांच्यामध्ये जे आहे ते चढण्याचे श्रम.

नंदिदुर्गाची उंची १४७८ मीटर आहे, हरिश्चंद्रगडाची १४२४. आकड्यांवर विसंबणाऱ्याने नंदिदुर्गाला थोर मानावे! परंतु देवनहळ्ळीचे पठारच समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, आणि आज माथ्यापर्यंत मोटाररस्ता जातो. पश्चिमेचा पाऊस तेथवर पोहोचेपर्यंत थकलेला असतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मात्र कोकणाच्या सपाटीकडे तोंड करून उभा आहे आणि ज्येष्ठ-आषाढात समुद्रावरून आलेला वारा पहिल्याने त्याच्या छातीवर आदळतो. तेथे वारा खालून वर चढतो. कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत माथ्यावर येते. डोंगराचे दुर्गमत्व उंचीत नसते. ते उतार, वारा, पाणी, अंतर आणि ऋतू यांच्या मेळात असते. हा मेळ शब्दांत पकडणे हेच गिरिवाङ्मयाचे पहिले काम होय, आणि तेथे आकडा लेखकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

वेढ्याच्या भाषेखेरीज मराठीजवळ डोंगराची दुसरी भाषा नव्हती असे नाही. ती यात्रेची भाषा होती. चैत्रात शिखर शिंगणापूरला सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने वर नेली जाते. शंभू महादेवाचे हे स्थान भोसल्यांचे कुलदैवत; बंगळूरला राहिलेल्या शहाजीराजांच्या घराण्याची मुळे याच डोंगरात आहेत. त्या घाटात कावड वर जाते ती कोणा एकाच्या पराक्रमाने नव्हे. माणसांची साखळी होते, वरचा खालच्याला हात देतो, आणि ओझे सर्वांचे असते. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर नवरात्रात गावोगावच्या बाया चढून जातात. त्यांना कोणी गिर्यारोहक म्हणत नाही, आणि आपण शिखर सर केले असे त्याही म्हणत नाहीत. दर्शन झाले म्हणतात. ‘सर करणे’ या क्रियापदात कर्ता मोठा होतो, ‘दर्शन होणे’ यात तो बाजूला सरतो. हा व्याकरणातील भेद आहे आणि दृष्टीतीलही आहे.

या दुसऱ्या भाषेतून गिरिगद्य निर्माण करण्याची पात्रता असलेला एक मोठा लेखक महाराष्ट्रात जन्मला, आणि त्याने ते गद्य गुजरातीत लिहिले. सातारला जन्मलेल्या, मराठी मातृभाषेच्या काका कालेलकरांनी १९१२ च्या सुमारास हिमालयात पायी भ्रमण केले. त्यावरील त्यांचे पुस्तक गुजराती प्रवासवाङ्मयाचे भूषण ठरले. मराठीला ते मागाहून मिळाले. तीर्थाइतकेच वाटेला, आणि वाटेइतकेच सोबत्याच्या स्वभावाला महत्त्व देणारी ही लेखनपद्धती मराठीत त्याच वेळी रुजती, तर आपले पुढचे गिरिलेखन वेगळ्या वळणाने गेले असते काय, असा प्रश्न अभ्यासकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. वादळाच्या बाबतीतही असेच झाले. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तील कोलंबसाचे गर्वगीत हे मराठीतील वादळाचे सर्वांत गाजलेले काव्य; पण ते वादळ समुद्राचे आहे आणि नायक परदेशी दर्यावर्दी आहे. सह्याद्रीच्या वादळाला तसा कवी लाभला नाही.

त्याला गद्यकार मात्र लाभला. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांनी आयुष्यभर गड पालथे घातले आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली. या ग्रंथाचे नाव ‘विजयगाथा’ नसून ‘भ्रमणगाथा’ आहे, इकडे लक्ष दिले पाहिजे. दांडेकर इतिहासाने भारलेले आहेत, कधीकधी इतके की दगड दिसण्याआधी त्यांना त्यावरचा शिलेदार दिसतो. ही त्यांच्या लेखनाची मर्यादा मानावी लागेल. पण तोच गड पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत चढण्याचा जो परिपाठ त्यांनी ठेवला, त्याने वेढ्याची भाषा आपोआप सैल पडली. जिंकलेला गड कोणी पुन्हा पुन्हा जिंकीत नाही. प्रिय माणसाकडे मात्र पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीत तर मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर राहावयास परतलेला म्हातारा हाच नायक आहे. डोंगर त्याला काही मिळवून देत नाही. तो त्याला सामावून घेतो.

तथापि डोंगर चढण्याच्या मोलाचा सर्वांत कठोर विचार दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मध्ये आहे. १९७७ च्या चित्रपटामुळे ही कथा सर्वांस परिचित झाली, आणि गाण्यांच्या गोडव्यात तिचा कठोरपणा काहीसा झाकला गेला. ठाकरांचा नाग्या लिंगोबाच्या सुळक्यावरील राणीमाशीला शत्रू मानतो, तिचे मोहोळ नष्ट करण्याचा पण करतो आणि तो तडीस नेतो. ‘जैत’ म्हणजे जय. तो जय मिळतो, आणि त्याची किंमत चिंधी आपल्या प्राणाने देते. पण केला नाग्याने; फेडला तिने. सुळका देवाचाही आहे आणि मरणाचाही. त्याने कोणाला बोलाविले नव्हते. चढाईच्या शब्दसंपत्तीचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला तर ती कोठे नेऊन सोडते, हे या कादंबरीइतके स्पष्टपणे मराठीत दुसरीकडे क्वचितच आले असेल. शीर्षकातील जयघोष कथेच्या अखेरीस कानाला वेगळा लागतो, यातच दांडेकरांचे यश आहे.

आता अलीकडच्या लेखनाकडे वळू. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनजंगावर पोहोचले. या घटनांनी मराठीला अगदी नवा अनुभव दिला. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. तेथे बूट घालणे हेही दीर्घ श्रमाचे काम होते. वर्षातील बहुतेक दिवस माथ्यावरून अतिवेगवान वारे वाहतात आणि मे महिन्याच्या मध्यास थोडे दिवसच ते मंदावतात. त्या थोड्या दिवसांसाठी आठवडेच्या आठवडे तंबूत वाट पाहावी लागते. अशा मोहिमांची मराठी वृत्तान्तवजा पुस्तके आणि लेख आता बऱ्यापैकी जमले आहेत. त्यांतील प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एकत्र वाचल्यास त्यांचा साचा जाणवतो. निधी जमविण्याची हकीकत सविस्तर, शिखराची शेवटची घटका मिनिटामिनिटाने, माथ्यावर फडकलेला ध्वज, आणि मग उतरणे एका परिच्छेदात! ओझी वाहणाऱ्या आणि दोर बांधणाऱ्या शेर्पांचे आभार मानलेले असतात. पण ते बोलताना सहसा ऐकू येत नाहीत. घोरपड पुन्हा मुकी झाली आहे.

हा केवळ शैलीचा दोष असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर आलेल्या वादळात आठ जण मृत्यू पावले. त्यांतील अनेक जण परत फिरण्यासाठी ठरलेली वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले होते आणि वादळाने त्यांना उतरताना गाठले. माथा म्हणजे शेवट, असे मानणारी भाषा केवळ पुस्तक बिघडवीत नाही; डोंगरावर ती माणसाचा निर्णयही बिघडवू शकते. ‘फत्ते’ आणि ‘अपयश’ एवढे दोनच शब्द ज्याच्याजवळ आहेत, त्याला शंभर मीटर खालून माघारी वळण्याच्या शहाणपणाचे नाव सापडत नाही. कष्टांचे फळ कोणते, या प्रश्नाचे उत्तर तरुण वाचक अशाच पुस्तकांतून शिकतो, म्हणून समीक्षेने येथे कसोटी लावणे अगत्याचे आहे.

ती कसोटी बाहेरून आणण्याची गरज नाही. मुंगी घाटातील कावडीकडून ओझ्याचा वाटा कोणी कोणी उचलला हे विचारावे. हिरकणीकडून उतरण्याच्या वाटेचे वर्णन मागावे. चिंधीकडे पाहून जयाची किंमत कोणी दिली याचा हिशेब घ्यावा. गिरिलेखनाचे कोणतेही पुस्तक या तीन प्रश्नांपुढे ठेवले तर त्याचा कस कळून येईल. डोंगरातील कष्टांचे फळ म्हणून जे सांगितले जाते, शरीराची मर्यादा कळणे, सोबत्यावर विसंबता येणे, वाऱ्यापुढे आपली इच्छा अपुरी आहे हे मान्य होणे, ते माथ्यावरच्या दहा मिनिटांत मिळत नाही. ते सबंध वाटेवर मिळते आणि पुरतेपणी कळते ते खाली आल्यावर. वारकऱ्यांनी हे केव्हाच ओळखले होते. पंढरी गाठली की वारी संपली असे त्यांनी मानले नाही. पालखी गावी परत नेण्याच्या वाटचालीला त्यांनी वेगळे नाव दिले, परतवारी. हा शब्द मराठी गिरिवाङ्मयाने अद्याप उचललेला नाही. तो ज्या दिवशी उचलला जाईल, त्या दिवशी आपला डोंगर गडाच्या वेढ्यातून सुटेल.