पैवस्तीची तारीख आणि पत्राची तारीख

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला विचारलं, ‘सर, काळावर बोलताना तुम्ही नेहमी वैशेषिकांकडे जाता. आमच्या रोजच्या यंत्रात काळ कुठे सापडतो, ते सांगा ना.’ प्रश्न रास्त होता. आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे, आणि विषय फार लहान आहे. संगणकावर एखादं सॉफ्टवेअर बसवताना त्याच्या फायलींवरची जुनी तारीख ठेवायची की पुसायची, एवढाच. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला पॅकेज मॅनेजर म्हणतात. आमची टीका या मॅनेजर मंडळींच्या नियमांवर आहे.

पण आधी घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचा जुना संगणक थकला. सांगलीतल्या एका दुकानातल्या मुलाने त्यातल्या सगळ्या टिपणांच्या फायली मधल्या कुठल्या तरी सेवेवर चढवल्या आणि नव्या यंत्रात पुन्हा उतरवल्या. एक अक्षर हरवलं नाही. घरी येऊन बघतो तर वीस-बावीस वर्षांच्या टिपणांवर एकच तारीख, त्या मंगळवारची. मुलगा म्हणाला, ‘काका, सगळं आलंय की!’ खरंच सगळं आलं होतं. फक्त आधी काय आणि नंतर काय, हे गेलं होतं. आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. का, ते शेवटी सांगू.

युनिक्स घराण्याच्या यंत्रांत प्रत्येक फायलीवर निदान तीन वेळा नोंदलेल्या असतात. मजकूर शेवटचा कधी बदलला, ती मॉडिफिकेशनची वेळ म्हणजे एमटाइम. फायलीची नोंद शेवटची कधी बदलली, ती सीटाइम. आणि शेवटची वाचली कधी, ती एटाइम. तिचं आज काम नाही. एमटाइम आपल्याला हवी ती लावता येते. सीटाइम तशी लावता येत नाही, ती यंत्र स्वतः टाकतं. फाईल या यंत्रावर येऊन पडली की सीटाइम आजची होते, एमटाइम जुनी ठेवली तरीसुद्धा.

हे ऐकल्यावर आम्हाला मिरज आठवली. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढायला सुरुवात केली ती १८९७ साली. अशी जुनी पत्रं ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे की पत्रात छ, म्हणजे चंद्र, मग मुसलमानी महिना एवढंच पुष्कळदा असतं; साल नसतंच. मजकुरातल्या स्वाऱ्या, मृत्यू, लग्नं जुळवून संपादकाला साल बसवावं लागतं. पण त्या काळच्या कारकुनाची एक सवय फार शहाणपणाची होती. पत्र पोचलं की तो त्यावर पैवस्तीची तारीख टाकायचा, म्हणजे पोचल्याची. पत्र लिहिल्याची तारीख पत्रात, पोचल्याची माथ्यावर किंवा पाठीवर. पत्र मिरजेला पोचलं म्हणून लिहिणाऱ्याची तारीख खोडून तिथे मिरजेची घातली, असं करणाऱ्या कारकुनाला दप्तरात कोणी ठेवलं नसतं.

आणि पॅकेज मॅनेजर नेमकं हेच करतात. सगळे नव्हेत, पण बरेच. पायथनचा पिप फायली नव्याने लिहितो, त्यामुळे त्यांवर बसवण्याच्या क्षणाची तारीख पडते. ही माहिती सीटाइममध्ये आहेच. शिवाय काय कधी बसवलं याची वेगळी वहीही बहुतेक ठिकाणी ठेवलेली असते. म्हणजे पोचल्याची तारीख दोन-तीन जागी लिहायची आणि लिहिल्याची तारीख एकाही जागी ठेवायची नाही. याला आम्ही हिशेबातली चूक म्हणतो.

उलट डेबियनच्या धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की मूळ लेखकाच्या फायलींच्या वेळा शक्य तितक्या जपाव्यात. रेडहॅटकडून आलेल्या आरपीएमने तर प्रत्येक फायलीची वेळ आपल्या वहीत टिपलेली असते, आणि पडताळा मागितला की फरक दाखवतो.

आता कोणी म्हणेल, ही इतिहासकाराची हौस झाली. यंत्राला काय त्याचं? यंत्रालाही आहे. पायथन एखादी फाईल वाचतो तेव्हा तिचं यंत्राला सोपं पडेल असं रूप वेगळ्या फायलीत करून ठेवतो, आणि त्या रूपात मूळ फायलीची एमटाइम आणि आकार लिहून ठेवतो. पुढच्या वेळी दोन्ही जुळले तर तयार रूप वापरायचं, नाही तर पुन्हा करायचं. समजा, हे तयार रूप गठ्ठ्यातूनच आलं आणि बसवताना मूळ फायलीची तारीख बदलली. जुळणी तुटली. साध्या वापरकर्त्याला त्या जागी लिहायची परवानगी नसते, म्हणून नवं रूप तयार होतं पण साठवता येत नाही. दर वेळी तोच स्वयंपाक पुन्हा. पिपचं निभावतं, कारण तो हे रूप फायली बसवल्यानंतर तिथल्या तिथे करतो.

लिस्पच्या जगात अट निराळी आहे. तिथे तयार फाईल मूळ फायलीपेक्षा जुनी दिसली की ती शिळी समजतात. बसवणाऱ्याने तयार फाईल आधी उतरवली, मूळ नंतर, आणि दोन्हींवर ‘आत्ता’ असा शिक्का मारला, तर ताजी वस्तू शिळी ठरते.

या बाबतीत सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला नियम आमच्या वाचनात आला तो जेंटूचा. २०१० साली त्यांच्या ईएपीआय ३ या टप्प्यापासून वेळा जपणं बंधनकारक झालं. नियम वाचण्यासारखा आहे. तो म्हणतो, साध्या फायलींची वेळ सेकंदापर्यंत तंतोतंत जपा. बसवण्यापूर्वी एखादी फाईल दाबून लहान केली तरी तिची वेळ जपा. सेकंदाचा अपूर्णांक शून्य करा, नाही तर फायलींची व्यवस्था पेलेल इतका ठेवा, पण मूळपेक्षा वाढवू नका. आणि मग मुख्य वाक्य: एकाच फाईल-व्यवस्थेत जाणाऱ्या कोणत्याही दोन फायलींमध्ये पहिली दुसरीच्या आधीची किंवा बरोबरीची असेल, तर बसवल्यावरही तो संबंध टिकला पाहिजे.

मंडळी, हे वाक्य वाचून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. वैशेषिकांनी गुणांच्या यादीत परत्व आणि अपरत्व घातले आहेत, आणि काळ हे द्रव्य आहे असं अनुमान ते आधी, नंतर, एकाच वेळी, लवकर, उशिरा या प्रतीतींवरून करतात. घड्याळातला आकडा तिथे नाहीच. मॅकटॅगार्टने १९०८ साली काळाच्या दोन मालिका वेगळ्या केल्या. एक भूत-वर्तमान-भविष्याची, जी सरकत राहते. दुसरी आधी-नंतरची, जी सरकत नाही. ‘आत्ता बसवलं’ हा पहिल्या मालिकेतला शिक्का आहे, आणि उद्या तो आत्ताचा राहत नाही. जेंटूचा नियम दुसरी मालिका जपतो. दाबलेल्या फायलीचंही तसंच आहे. तिचे बाइट बदलले, तरी तारीख मूळची ठेवायची. मोडी पत्राचं बाळबोध केलं म्हणून पत्र आजचं होत नाही, तसंच हे.

नियमात उणीव नाही असं नाही. ‘आधीची किंवा बरोबरीची’ या शब्दांत थोडी ढील आहे. मूळ फाईल सेकंदाच्या शेवटी बदललेली आणि तयार फाईल त्याच सेकंदाच्या सुरुवातीची असेल, तर अपूर्णांक शून्य केल्यावर दोन्ही बरोबरीच्या होतात. खरं म्हणजे तयार फाईल शिळी, पण नियम पाळूनही ती ताजी दिसते. अर्ध्या सेकंदाचा प्रश्न आहे, हसू नका. यंत्राच्या अर्ध्या सेकंदात पुष्कळ काही घडतं.

आता तिसरा पंथ. निक्स आपल्या भांडारातल्या सर्व फायलींवर एकच वेळ घालतो: १९७० च्या १ जानेवारीचा पहिला सेकंद. ग्रीनिचच्या हिशेबाने मध्यरात्र उलटून एक सेकंद. म्हणजे इकडे साताऱ्यात पहाटेचे साडेपाच वाजून एक सेकंद. एनपीएममध्ये गठ्ठा बांधतानाच २६ ऑक्टोबर १९८५ ही तारीख लागते. ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातली ती तारीख. पोरांनी गंमत केली आहे. हेतू चांगला आहे. तोच गठ्ठा कोणीही, केव्हाही बांधला तरी बाइटन्‌बाइट तसाच निघावा.

आमच्या पिढीला ही पद्धत नवी नाही. कित्येकांचा जन्म १ जूनचा आहे! शाळेत घालायला बाप घेऊन यायचा, जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू, वय नियमात बसतं, सगळं एकसारखं. पुढे नोकरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला कचेऱ्यांमधून निरोपसमारंभांचं पेव फुटतं. गुरुजींनी खोटं लिहिलं असं आम्ही म्हणणार नाही. पण दोघा भावांच्या दाखल्यावर १ जून आणि सालही अंदाजाने एकच, तर थोरला कोण, हे दाखला सांगत नाही. आईला विचारावं लागतं. निक्सने तारखा पुसल्या ते एक वेळ समजू शकतं, कारण तिथे प्रत्येक गठ्ठ्याची ओळख वेगळ्या मार्गाने ठेवलेली आहे. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी नक्कल करू नये.

यातून मधला रस्ता निघाला आहे आणि तो आम्हाला पटतो. पुनरुत्पादनक्षम बांधणीवाल्यांनी ठरवलं की एक मर्यादा-तारीख धरायची, बहुधा बदलांच्या यादीतल्या शेवटच्या नोंदीची. तिच्यानंतरच्या वेळा तिच्यावर आणून ठेवायच्या. तिच्या आधीच्या वेळांना हात लावायचा नाही. बांधणाऱ्याच्या घड्याळाचा गोंगाट गेला, लेखकाच्या तारखा राहिल्या.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही झाकणार नाही. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली लिहिलेला ‘मेक’ अजून जगभर राबतो. तो फक्त एवढंच बघतो की कच्चा माल तयार मालापेक्षा नवा आहे का. समजा, तुम्ही काल प्रोग्रॅम बांधला. आज ग्रंथालयाची नवी आवृत्ती बसवली, पण तिच्या फायली तीन महिन्यांपूर्वीच्या आणि त्या तारखा प्रामाणिकपणे जपलेल्या. मेक म्हणतो, यात कालच्यानंतरचं काहीच नाही. बांधायची गरज नाही. नवी वस्तू घरात आली आणि घराला पत्ता नाही. फक्त एमटाइम बघणाऱ्या बॅकअपचीही अशीच फसगत होते. हे नुकसान खरं आहे, आणि तारखा जपा म्हणणाऱ्यांनी ते मान्य केलं पाहिजे. आमचं म्हणणं इतकंच की इथे चूक प्रश्नात आहे. ‘बदललं का?’ असं विचारायचं होतं, तिथे मेकने ‘नंतरचं आहे का?’ असं विचारलं. पायथन तारीख जुळते का हे बघतो, नवी-जुनी बघत नाही, म्हणून या खड्ड्यात पडत नाही. हरिपुरात पेवातून हळद आज काढली म्हणून ती आजची होत नाही. पण आज बाजारात आली हे खरंच असतं, आणि अडत्याला दोन्ही कळावं लागतं.

आता आमच्या टिपणांकडे. जुनी डिस्क कपाटात होती. भाच्याने ती जोडली आणि तारखा जपणारी आज्ञा देऊन सगळं पुन्हा उतरवलं. आम्हाला त्यातलं एकच टिपण बघायचं होतं, २००३ सालचं, परत्वावरचं. साताऱ्याचे आमचे एक स्नेही, आता नाहीत, त्यांनी त्याच युक्तिवादावर लेख लिहिला होता. तो युक्तिवाद मूळ आमचा, बोलता बोलता त्यांनी उचलला, असं आम्ही पुढे बरीच वर्षं चारचौघांत म्हणत आलो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी कधी काही विचारलं नाही.

त्यांचं युक्तिवाद सांगणारं पत्र आमच्याकडे आहे. लखोट्यावर सातारच्या टपालाचा शिक्का १४ ऑगस्ट, सांगलीचा १६ ऑगस्ट. आमच्या टिपणाची एमटाइम निघाली २७ ऑगस्ट. आम्हाला लगेच पळवाट सुचली. एमटाइम म्हणजे शेवटचा हात फिरवल्याची तारीख. लिहायला कधी घेतलं हे ती सांगत नाही. तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, पहिल्या मसुद्याची वेगळी फाईल आहे की यात.’ ती उघडली. तारीख १९ ऑगस्ट.

प्रश्न असतील तर घेऊ.